दोन बोटांची उंची

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. बिदरच्या एका सरकारी आवारात, कडुनिंबाखाली, मी उभा असतो. माझ्या टपावर कावळे बसतात आणि मागच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालतात. शेजारची मुलं कधी कधी माझं स्टिअरिंग फिरवायला येतात. ते डाव्या बाजूला आहे हे पाहून त्यांना फार नवल वाटतं.

त्यात नवल काही नाही. माझा जन्म समुद्रापलीकडचा. मोठी लढाई चालू असताना मला तिकडच्या कारखान्यात बनवलं, जहाजातून मुंबईला उतरवलं आणि मालगाडीने सिकंदराबादच्या छावणीत आणलं. माझी चारही चाकं ओढ घेतात. त्यामुळे जिथे दुसऱ्या गाड्या रुतायच्या तिथे मला पाठवायचे. मी पाण्याची पिंपं वाहिली, तंबू वाहिले, एकदा लष्करी बँडचे ढोलही वाहिले. लढाई संपली आणि आमची गरज सरली. एका मैदानात आम्हाला रांगेने उभं केलं. माझ्या दोन्ही बाजूंचे सोबती विकले गेले, तरी मी बरेच दिवस उन्हात तसाच होतो.

शेवटी एक बाई आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, सुती नऊवारीवर पांढरा कोट घातलेल्या. त्यांनी माझ्या हौद्यात डोकावून पाहिलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "ह्यात एक बाई आडवी झोपू शकेल. हीच घेऊ."

त्या डॉक्टर तारामतीबाई. राहायला हैदराबादेत, काचीगुड्याला. त्यांचे वडील निजामाच्या अमदानीत मुन्सफ होते. तिथल्याच कोठी भागातल्या एका सेवामंडळाचं प्रसूतिगृह त्या चालवत. मंडळाने बिदरकडच्या खेड्यांतही काम काढलं होतं. जहीराबादच्या पुढे, पक्की सडक सोडून आत गेलं की काळ्या मातीतली गावं लागत. तिथे मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही बोली एकाच पारावर ऐकू येत. आठवड्यातून एकदा आम्ही त्या गावांना जायचो. मी, डॉक्टरबाई, गंगू दाई आणि ड्रायव्हर यादगिरी.

गंगू म्हणजे काचीगुड्याचीच, अंगाने भरलेली, तोंडाने फटकळ. यादगिरी तेलुगू माणूस. तो बाईंना 'डॉक्टरम्मा' म्हणायचा आणि मला रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा. इतकं प्रेम मला छावणीतही मिळालं नव्हतं.

उन्हाळा-हिवाळा आमचं बरं चाले. पावसाळ्यात मात्र माझी फजिती व्हायची. त्या वाटांवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या खोल असत आणि दोन चाकोऱ्यांमध्ये मातीचा उंच वरंबा. माझी चाकं चाकोरीत उतरली की माझं पोट वरंब्यावर टेकायचं. मग चाकं नुसती फिरत. एका भाद्रपदात मी वडगी गावाच्या शिवेवर असाच टेकलो. बाई कोट खोचून चिखलातून चालत गेल्या. त्या पोचल्या तोवर एका बाळंतिणीचं मूल गेलं होतं. परत येताना त्या माझ्याजवळ थांबल्या नाहीत. चिखलाने भरलेल्या कोटानेच आत बसल्या.

पुढचा उन्हाळा आला. त्या वर्षी सगळ्या शहरात एकच बोलणं होतं. हैदराबाद राज्याचे तीन भाग होणार. मराठी मुलूख मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्राला जोडणार. कचेऱ्यांतले लोक आपलं नाव कोणत्या बाजूला लागतं याची वाट पाहत होते. काचीगुड्याच्या कितीतरी घरांत औरंगाबादला जायचं म्हणून सामानाची बांधाबांध चालली होती.

बाई मात्र मंडळाच्या अध्यक्षांकडे दुसरंच काम घेऊन गेल्या. अध्यक्ष प्रतापराव म्हणजे वजनदार गृहस्थ, मोठ्या शेतीवाडीचे, मनाने वाईट नव्हते. माझी पाहणी करायला ते अंगणात आले.

"गाडी उंच करून घ्यायची आहे," बाई म्हणाल्या.

"कशासाठी, तारामतीबाई? दिवाळीच्या सुमाराला वडगी म्हैसूर राज्यात जाणार. मग ते बघतील त्यांच्या बायकांचं. आपण परराज्यात कशाला जायचं?"

"दिवाळीच्या आधी पावसाळा येतो, प्रतापराव."

प्रतापरावांनी काठी माझ्या चाकावर दोनदा आपटली. "बरं. हा एक पावसाळा," ते म्हणाले. "मग गाडी काढून टाकू."

अशा रीतीने मी सिकंदराबादला कासिम उस्तादांच्या कारखान्यात दाखल झालो. उस्तादांनी जहागीरदारांच्या शिकारीच्या गाड्या उंच केल्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"ऐसी ऊँची करतूँ, डॉक्टरसाब," ते म्हणाले, "के हाथी देख के जलना!"

"हत्ती जळू दे," बाई हसून म्हणाल्या. "आधी मला समजावून सांगा. उंच करतात म्हणजे काय करतात?"

उस्तादांनी त्यांना माझ्याखाली वाकून बघायला लावलं. चाकांच्या दांड्यावर माझं सगळं अंग ज्यावर टेकतं ते कमानपाटे दाखवले. कमानपाटे म्हणजे वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. त्यांच्यामुळे धक्के सोसतात. उस्ताद म्हणाले, कमानी उंचावल्या की अंग वर जातं, पण दांडा जिथल्या तिथे राहतो. दांडा वर न्यायचा तर चाकं मोठी हवीत. आणि मोठी चाकं बसवायला जागा हवी, म्हणून पुन्हा अंग वर हवं. दोन्ही एकत्रच करावं लागतं.

अंग वर न्यायच्या रीती वेगवेगळ्या होत्या. दांडा आणि कमानीच्या मध्ये लोखंडी ठोकळे घालायचे, हे सर्वात झटपट. पण पुढच्या चाकांना ते घातले तर ब्रेक दाबताना दगा देतील, असं उस्तादांनी स्वतःच सांगितलं. कमानीच्या टोकांच्या कड्या लांब करायच्या, हेही सोपं. पण मग स्टिअरिंग भरकटतं. "शिकारीकू चलता," उस्ताद म्हणाले. "जच्चाकू नक्को." जच्चा म्हणजे बाळंतीण. राहिली ती तिसरी रीत. कमानी नव्याने तापवून जास्त वाकवायच्या आणि प्रत्येकीत जास्तीचे दोन पाटे घालायचे.

"किती उंच?" बाईंनी विचारलं.

"पूरी एक बालिश्त!" उस्तादांनी वीत पसरून दाखवली.

"हौ अम्मा, पुरी वीत," यादगिरी लगेच म्हणाला. "मग कुठंच टेकणार नाही."

बाईंचाही तोच विचार होता. वडगीची शीव त्या विसरल्या नव्हत्या. पण त्यांनी हौद्याच्या फाळक्यावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "उस्ताद, लोखंड तापवायच्या आधी हिला नुसती फळ्यांवर चढवा. वीतभर. मला बघायचं आहे."

रेल्वेच्या जुन्या फळ्या आणल्या. मला जॅकने उचलून त्यांच्यावर ठेवलं. खरं सांगतो, मित्रांनो, त्या उंचीवरून मला आजूबाजूच्या भिंतीपलीकडलं दिसू लागलं आणि माझी छाती फुगली. सगळे म्हणाले, काय रुबाब आला!

बाईंनी स्ट्रेचर मागवलं आणि गंगूकडे पाहिलं.

"मी?" गंगू म्हणाली.

"तू. झोप."

गंगू पदर सावरून स्ट्रेचरवर झोपली. यादगिरीने डोक्याकडची बाजू धरली, उस्तादांनी पायाकडची. हौद्याचा फाळका आता त्यांच्या छातीच्या वर आला होता. दोघांनी जोर केला. डोक्याकडची बाजू चढली, पायाकडची खाली राहिली, आणि गंगू घसरत घसरत उस्तादांच्या दिशेने निघाली.

"अगं आई गं! पाडता का मला मेल्यांनो!" ती ओरडली आणि तिने उस्तादांच्या दाढीलाच हात घातला. सगळा कारखाना हसायला लागला. गंगूही हसली. बाई हसल्या नाहीत.

"काढा," त्या म्हणाल्या. "निम्मी उंची ठेवा."

"डॉक्टरसाब, निम्मे में कीचड़—"

"चिखलात अडकले तर मी उतरून ढकलीन. बाळंतिणीला उतरून ढकलता येणार नाही."

तर निम्मी वीत ठरली. मोठी चाकं बसली, कमानी घडल्या, फाळक्याखाली दुमडती लोखंडी पायरी लागली. गाडी तयार झाल्यावर बाईंनी आणखी एक हट्ट केला. त्या स्वतः हौद्यातल्या स्ट्रेचरवर आडव्या झाल्या, तोंडावर छत्री धरली आणि यादगिरीला म्हणाल्या, "कोठीपर्यंत चल. नेहमीसारखा."

तलावाकाठच्या टँकबंडवरून जाताना सायकलवाले मान वळवून बघत होते. गाडीत डॉक्टरीणबाई झोपलेली, हे कुणी पाहिलं होतं! पण मला लाज वाटत होती ती निराळ्याच गोष्टीची. माझ्या कमानी नव्या पाट्यांनी ताठ झाल्या होत्या. प्रत्येक खड्डा मी त्यांच्या पाठीत घालत होतो. कोठीला पोचल्यावर त्या कंबर धरून उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सिकंदराबाद. "उस्ताद, प्रत्येक कमानीतला एकेक पाटा काढा."

उस्ताद कळवळले. "निकालतूँ. मगर गाड़ी दो उंगल बैठ जाती. फिर नाले में पानी आया तो मेरेकू नक्को बोलना."

दोन बोटं उंची की मऊ चाल, यातलं एक घ्यायचं होतं. उस्तादांचं म्हणणंही खरं होतं आणि बाईंची पाठही खोटं बोलत नव्हती.

"काढा," त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात मी वडगीच्या शिवेवर एकदाही टेकलो नाही. चाकोऱ्या तशाच खोल होत्या, वरंबे तसेच उंच होते, पण मी त्यांच्यावरून सरळ निघून जायचो. बायका पायरीवरून आपल्या आपण चढायच्या. यादगिरी शीळ घालत गाडी हाकायचा. मला वाटलं, जिंकली आपण लढाई.

मग भाद्रपदात भामाचा दिवस आला.

भामा वडगीची. पहिलटकरीण, वय फारच थोडं. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा तिला रक्तस्राव सुरू झाला होता. बाईंनी तपासलं आणि बाहेर येऊन तिच्या सासूला सांगितलं, "इथे होणार नाही. वार बाळाच्या पुढे आली आहे. बिदरला नेऊन पोट उघडावं लागेल."

सासू म्हणाली, "बाई, तुमच्या हवाली केली. न्या कुठंबी."

भामाला अलगद हौद्यात ठेवलं. गंगू तिच्या उशाशी बसली, सासू पायाशी. गाव सोडून मैलभर आलो तर ओढा दुथडी भरलेला. दुपारी येताना तो घोट्याएवढा होता. वर कुठेतरी पाऊस झाला असावा.

यादगिरी काठी घेऊन पाण्यात उतरला. मधोमध जाऊन त्याने माझ्याकडे वळून अंदाज घेतला. माझ्या इंजिनापुढचा पंखा पाण्याला लागला की तो पाणी उडवतो, तारा भिजतात आणि गाडी बंद पडते. यादगिरी परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"अम्मा, थोडक्यासाठी. दोन बोटं." त्याने पुढचं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. "तो पाटा असता तर आत्ता गेलो असतो."

बाई हौद्यात चढल्या आणि भामाची नाडी धरून बसल्या. पाणी गढूळ, फेसाळ, त्यात बाभळीच्या फांद्या वाहत होत्या. सासू मारुतीचं नाव घेत होती. मित्रांनो, माझ्या त्या अभिमानाची अर्धी वीत मला तेव्हा किती थिटी वाटली म्हणून सांगू! एवढं बळ असून मी काठावर नुसता उभा होतो.

"बाई," भामा हळूच म्हणाली, "मी मरते का?"

"नाही. आपण पाण्यासाठी थांबलो आहोत," बाई म्हणाल्या. "तू श्वास घे. माझ्याबरोबर घे."

बाईंचा आवाज अगदी सपाट होता. पण त्या पुन्हा पुन्हा वळून ओढ्याचं पाणी पाहत होत्या.

यादगिरी गप्प बसला नव्हता. त्याने माझं झाकण उघडून पंख्याचा पट्टा काढून टाकला, म्हणजे पंखा फिरणार नाही. तारांवर ग्रीस थापलं, जाळीपुढे गोणपाट बांधलं. मग काठी पुन्हा पाण्यात रोवून पाहिली. पाणी किंचित उतरलं होतं, पण अजून भरवशाचं नव्हतं.

"अम्मा?" त्याने विचारलं.

बाईंनी भामाच्या पापण्या उघडून पाहिल्या. "आता थांबता येणार नाही," त्या म्हणाल्या. "हळू चल. पण मध्ये थांबू नकोस."

मी पाण्यात उतरलो. थंड पाणी पोटाला लागलं, मग यादगिरीच्या पायाशी आत आलं. मध्यावर माझा एक ठोका चुकला. यादगिरी तेलुगूत मला काहीतरी म्हणाला. शिव्या होत्या की आर्जव, कोण जाणे! मी पुढची चाकं गोट्यांवर रोवली आणि ओढत राहिलो. पलीकडचा चढ लागला तेव्हा सगळ्या अंगातून पाणी गळत होतं.

तिथून बिदरपर्यंतचा रस्ता सारा खड्ड्यांचा. यादगिरीने मला इतकं जपून चालवलं की हौद्यातलं पाण्याचं भांडं सांडलं नाही. रक्त वाढलं नाही. दवाखान्यात भामाला टेबलावर घेतलं, आणि बाईही कोट बदलून आत गेल्या. मी फाटकाशी उभा होतो. किती तरी वेळाने गंगू धावत बाहेर आली.

"पोरगी झाली! दोघी बी चांगल्या!" तिने यादगिरीच्या पाठीत धपाटाच घातला.

बाई उशिरा आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या.

"यादगिरी, तो पाटा काढला ते चुकलं का रे माझं?"

तो विचार करून म्हणाला, "अम्मा, पाटा असता तर ओढ्याला थांबलो नसतो. पण मग या खड्ड्यांतून तिला इतकं अलगद आणताही आलं नसतं. मला नाही कळत."

"मलाही नाही कळत," बाई म्हणाल्या.

दिवाळी आली. राज्य बदललं. वडगी, बिदर म्हैसूरकडे गेलं आणि कोठी-काचीगुडा आंध्र प्रदेशात. नव्या सरकारने बिदरला एक लेडी डॉक्टर पाठवल्याचं कळलं. गिरिजाबाई त्यांचं नाव, धारवाडच्या. कानडी त्यांची मातृभाषा, मराठीही छान बोलत. खेड्यांचं काम त्यांच्याकडे आलं होतं, गाडी मात्र आली नव्हती.

बाई पुन्हा प्रतापरावांकडे गेल्या. "गाडी काढून टाकायची ना? मग गिरिजाबाईंना देऊ."

"दुसऱ्या राज्याला फुकट गाडी द्यायची?"

"राज्याला नाही. एका डॉक्टरला द्यायची."

प्रतापराव बराच वेळ अंगणात येरझारा घालत राहिले. मग म्हणाले, "माझी थोरली सून हुमनाबादची. तिचं माहेर आता परराज्यात गेलं. म्हणून काय तिला दिवाळीला धाडायची नाही? न्या गाडी."

बाईंनी मला बिदरला आणलं. वाटलं होतं, किल्ली देऊन त्या लगेच बस धरतील. पण त्या अख्खी सकाळ थांबल्या. गिरिजाबाईंना आणि त्यांच्या नव्या ड्रायव्हरला घेऊन माझ्याभोवती फिरल्या. हा आवाज आला तर घाबरू नका, तो आवाज आला तर लगेच थांबा. पावसाळ्याआधी कमानपाटे सोडवून तेल द्या. ओढ्यात उतरताना पट्टा काढा. ही इतक्याच उंचीची का आहे, तेही सांगितलं. कुठे कमी पडते ते लपवलं नाही.

"एवढं लेकीलाही सासरी पाठवताना सांगत नाहीत," गिरिजाबाई हसून म्हणाल्या.

"लेक बोलून सांगते," बाई म्हणाल्या. "हिला बोलता येत नाही."

यादगिरीने माझे दिवे शेवटचे पुसले आणि फडकं नव्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. बाईंनी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. मग दोघं बसस्टँडकडे चालत गेली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

गिरिजाबाईंनी मला वर्षानुवर्षं वापरलं. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनीही पुढच्याला सगळं सांगितलं. पण त्याच्या पुढच्याला कुणी सांगितलं नाही. तोही माणूस चांगला होता, फक्त त्याला माहीत नव्हतं. तेलावाचून कमानी गंजल्या, एक दिवस मी बाजारात बंद पडलो, आणि ढकलत इथे आणून लावला गेलो. गेल्या महिन्यात एक तरुण मेकॅनिक आला होता. त्याने माझ्याभोवती चक्कर मारली आणि शिपायाला विचारलं, "हिची तक्रार काय आहे?" शिपाई म्हणाला, "कुणास ठाऊक." तरुण निघून गेला.

मित्रांनो, वस्तू जुन्या होतात, माणसांच्या बदल्या होतात, राज्यांच्या सीमाही हलतात. त्याचं मला दुःख नाही. पण कुणाच्या हाती काही सोपवाल तेव्हा नुसती किल्ली देऊ नका. थोडं थांबा, आणि त्याची दुखणी सांगा.

माझी मीच सांगून ठेवतो. तो तरुण पुन्हा आला तर त्याच्या कानावर घाला. दुसरा गिअर उतारावर सुटतो, तो हाताने धरावा. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकतो, त्यावर विश्वास ठेवू नये. मागच्या डाव्या कमानीतला खालचा पाटा तडकला आहे, तो आधी बदलावा. आणि उजवं दार उघडत नाही म्हणून ते मोडलंय असं समजू नये. ते आधी थोडं आत ढकलावं लागतं, मग उघडतं.